वर्ध्याचा रफार

माझा एक मित्र ब्रँडिंग आणि वेब कन्सल्टंट आहे. आम्ही दोघंही वर्ध्याचे. मी अजून पुण्यात कोड पाडतोय, तो मात्र काही वर्षं इथे काढून परत गावी गेला. त्याच्या प्रोफाइलमध्ये दोन रकाने आहेत. डावीकडे 'व्यावसायिक अनुभव', उजवीकडे 'सामाजिक सहभाग'. उजवीकडचा रकाना वर्ध्यात भरायला फार वेळ लागत नाही म्हणा. एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला पवनार... समाजकार्य आमच्याकडे हवेतच असतं :)

तर मागच्या महिन्यात त्याने एका बचत गटासाठी हळदीच्या पाकिटाचं लेबल केलं. फुकट. (आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय, हे पुण्यातल्या लोकांना मी उगाचच सांगत असतो.) लेबल दिसायला झकास. पण खाली 'वर्धा' लिहिलेलं, त्यातला रफार तुटलेला. पाय मोडलेला र वेगळा, धा वेगळा. मी फोन केला तर म्हणतो, "चालते ना बे, फुकटचं काम होतं."

हे मात्र माझ्या डोक्यात गेलं. कारण पगारी कामात हाच गडी एका रेषेसाठी रात्र जागतो.

त्याला मी र. कृ. जोशींबद्दल सांगितलं. नाव ऐकलं नसेल, पण त्यांचं अक्षर तुम्ही हजारो वेळा वाचलंय. १९३६ चा जन्म. धंद्याने जाहिरातवाले, उल्का या जाहिरात कंपनीत बरीच वर्षं कलादिग्दर्शक. म्हणजे आजच्या भाषेत ब्रँडिंगवालेच! मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीत प्राध्यापक आणि नंतर एनसीएसटीत, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. तेलुगूचा गौतमी, गुजरातीचा श्रुती, पंजाबीचा रावी, हेही त्यांच्याच दिग्दर्शनाखाली झाले.

आता यात विशेष काय? 'वर्धा' हा शब्दच घ्या. आपल्याला दोन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरच्या पोटात मात्र पाच खुणा असतात : व, र, हलन्त, ध, काना. साठवताना र हा ध च्या आधी असतो, दिसताना त्याने उडी मारून थेट धा च्या डोक्यावर जाऊन बसायचं असतं. ही उडी कोणी मारायची? अर्धं काम अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, अर्धं फॉन्टमध्ये लिहून ठेवलेल्या नियमांचं. 'विनोबा'तल्या वेलांटीचं उलटं. ती साठवताना व च्या नंतर, दिसताना आधी. यातलं काहीही चुकलं की शब्दाचा चेंदामेंदा. माझ्या लहानपणी गावातल्या सायबर कॅफेत एक्सपीवर मराठी पान उघडलं की नुसते चौकोन दिसायचे, कारण सीडी टाकून भारतीय लिप्यांची सोय चालू करायचे कष्ट कोणी घेतलेले नसायचे. ज्या मशीनवर घेतलेले असत, तिथे समोर यायचा तो मंगल.

गंमत म्हणजे पवनारला विनोबांचाही लिपीवरच भर होता. भारतातल्या सगळ्या भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहाव्यात, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या प्रेरणेने १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद निघाली. जोशींनी पडद्यासाठी काम केलं ते प्रत्येक लिपी तिच्या जागी ठेवून. मला स्वतःला हे जास्त पटतं. (पवनारकरांनी रागावू नये.)

पण मी मित्राला जे सांगत होतो ते वेगळंच. जोशींच्या आयुष्याचे दोन रकाने करून दाखव म्हटलं. मंगल मायक्रोसॉफ्टसाठी, म्हणजे डावीकडे? मग त्यात पहिल्यांदा मराठी टाइप करणाऱ्या लाखो लोकांचं काय? एनसीएसटीने त्यांचा 'रघू' फॉन्ट जीपीएलखाली खुला केला, कोणीही वापरा, बदला. तो उजवीकडे? पण त्यातही रफार तितकाच जागेवर बसवावा लागतो ना! फुकट आहे म्हणून र ला ध च्या शेजारी उभं करून भागत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये जोशी गेले. त्यानंतर विंडोज ८ बरोबर निर्मला आला आणि मंगल मागे पडला.

बचत गटातल्या बायकांना मानधन परवडत नाही हे मला मान्य आहे. पण मग हजार रुपये घे, नाहीतर शंभर घे, निदान गिऱ्हाईक म्हणून त्यांना तक्रार तरी करता येईल. फुकट दिलेल्या वस्तूत कोण खोट काढणार? आणि ते पाकीट दुकानात त्या बायकांच्या नावाने उभं राहणार, याच्या नाही.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बरं मंग, पाकिटावर मंगल टाकू का?"

म्हटलं, नको रे, तो पडद्यावर बारीक वाचायला केलेला, पाकिटाला दुसरा शोध.

"मंग एवढं पुराण काहून सांगितलं बे?"

रविवारी रात्री नवी फाइल आली. रफार जागेवर होता. हळदीचं स्पेलिंग रोमनमध्ये चुकलंय, ते उद्या सांगतो.