कर्ता कोण?

व्याकरण हें एक निरुपद्रवी आणि रुक्ष शास्त्र आहे, असा बहुतेकांचा समज असतो. शाळा सुटली, कीं तें विसरावें. आणि इंग्रजी व्याकरण तर परीक्षा संपतांच वहीबरोबर रद्दींत घालावें, अशी आपली रीत. परंतु वाक्यांतील विशेषणाची जागा आणि क्रियापदाचा प्रयोग यांचा आपल्या नित्याच्या व्यवहाराशीं, फार काय, आपल्या नीतीशींही निकट संबंध आहे, असें माझें मत दिवसेंदिवस दृढ होत चाललें आहे.

हें मत मला ग्रंथांत मिळालें नाहीं, वणींत मिळालें. वणी हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. इंग्रजांच्या अमदानींत सबंध जिल्हाच या गांवाच्या नांवानें ओळखला जाई; १९०५ सालीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. कापसाच्या आणि दगडी कोळशाच्या या मुलखांत इंग्रजी कानांवर फारसें पडत नाहीं. पण बँकेच्या व सरकारी नोकरीच्या वाटेवर तें हमखास आडवें येतें. संध्याकाळीं चार-दोन तरुण माझ्या ओसरीवर वाक्यशुद्धीचे प्रश्न घेऊन येतात. वर एक सदोष वाक्य, खालीं चार पर्याय. त्यांतून निर्दोष तें निवडावयाचें.

प्रथम विशेषणांचें पाहा. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'मुलें चांगलीं गातात' असें आपण सहज म्हणतों. क्रियेचा गुण सांगणारा शब्दही येथें कर्त्याच्या लिंगवचनाला अनुसरतो. विशेषण आणि क्रियाविशेषण यांचें रूप वेगळें राहत नाहीं. हीच संवय घेऊन विद्यार्थी इंग्रजींत 'शी सिंग्ज गुड' लिहितो आणि गुण गमावतो. तेथें 'वेल' पाहिजे. उलट दुसऱ्या एका बाबतींत आपली भाषा अधिक कडक आहे. 'मींच दोन आंबे घेतले' आणि 'मीं दोनच आंबे घेतले' यांतील 'च' ज्या शब्दाला चिकटला, त्याचाच तो चाकर. इंग्रजी 'ओन्ली' मात्र मोकळा फिरतो. बोलतांना तो क्रियापदापाशीं रेंगाळला तरी चालतें. परीक्षक त्याला 'टू मँगोज' यांच्या अगदीं लगत उभा करावयास लावतो. मी मुलांना सांगतों, 'ओन्ली' दिसला, कीं मराठींत 'च' कोठें लागला असता तें पाहा, जागा सांपडेल.

याहून मौज धातुसाधितांची. 'बाजारांत जातांना त्याला पावसानें गांठलें' हें मराठींत निर्दोष वाक्य. जाणारा कोण, याविषयीं कोणालाही संशय येत नाहीं. तेंच शब्दशः 'वॉकिंग टु द मार्केट, द रेन कॉट हिम' असें केलें, कीं इंग्रजी नियमानें पाऊसच पिशवी घेऊन बाजाराला निघतो! कारण आरंभींचा तो शब्दसमूह लगेच पुढें येणाऱ्या कर्त्याच्या गळ्यांत पडतो. म्हणून तेथें 'ही वॉज कॉट इन द रेन' असें म्हणावें लागतें. आतां लक्षांत घ्या, हा निर्दोष पर्याय कर्मणी आहे. 'कर्तरी दिसेल तें बरोबर' हा मंत्र घोकून आलेला विद्यार्थी नेमका येथें फसतो. कर्तरी प्रयोग इंग्रजींत सुटसुटीत खरा. पण तो सदैव बरा आणि कर्मणी सदैव वाईट, हा केवळ घाईचा नियम आहे.

मराठी माणसाला तर तो मुळींच पटूं नये. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं आलें. आपल्या व्याकरणांत प्रयोगाचा विचार असा जुना आहे. 'रामानें आंबा खाल्ला' हें आपलें नित्याचें वाक्य त्या हिशेबानें कर्मणी. क्रियापद आंब्याप्रमाणें चालतें, रामाप्रमाणें नव्हे. तथापि राम वाक्याच्या दारांत उभाच आहे. आंबा कोणीं खाल्ला, हें झांकलेलें नाहीं. इंग्रजी कर्मणी मात्र कर्त्याला शेवटच्या रांगेंत बसवितो, आणि पुष्कळदां घराबाहेरच घालवितो. त्याच्याच धर्तीवर आपल्या कचेऱ्यांतून 'करण्यांत आलें', 'ठरविण्यांत आलें' हें मराठी रूढ झालें आहे.

त्या मराठीचा एक मासला सांगतों. गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या एक वृद्ध बाई एका कचेरीचें पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. निराधारांना मिळणाऱ्या मदतीसाठीं त्यांनीं अर्ज केला होता. मीं पत्र वाचून दाखविलें: 'आपला अर्ज अमान्य करण्यांत आला आहे.' बाईंनीं विचारलें, "मास्तर, अमान्य केला तो कोनं?" मीं पत्र पुन्हां पाहिलें. त्यांत कारण नव्हतें, कर्ताही नव्हता. खालची सही तेवढी होती, तीही न लागणारी. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंनीं, चार पर्याय पुढें नसतां, वाक्यांतील दोष नेमका दाखविला होता. भेटावें कोणाला, हेंच त्या वाक्यानें त्यांच्यापासून लपविलें होतें. आम्हीं उलट पत्र धाडलें. अर्ज कोणीं व कोणत्या कारणानें अमान्य केला, एवढेंच त्यांत विचारलें. दोन महिन्यांनीं उत्तर आलें. त्यांत एका अधिकाऱ्याचें पद आणि एका कागदाची उणीव, दोन्ही स्पष्ट होतीं. कागद जोडला, मदत सुरू झाली.

याच वणींत १८८० सालीं लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म झाला. १९३० सालीं पुसदकडे जंगल सत्याग्रह झाला, तेव्हां राखीव जंगलांतील गवत कापून त्यांनीं कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. 'गवत कापलें गेलें' असें म्हणून सत्याग्रह होत नाहीं. 'मीं गवत कापलें' असेंच म्हणावें लागतें. पुढें १९४३ सालीं, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळीं, त्यांनीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला; आणि राजीनामा हें तर असें वाक्य आहे, कीं कर्त्यावांचून त्याला अर्थच नाहीं. आतां 'मीं गवत कापलें' हें व्याकरणानें कर्मणीच! म्हणजे जबाबदारी प्रयोगाच्या नांवांत नसते. कर्ता वाक्यांत उभा राहावयास तयार आहे कीं नाहीं, यांत ती असते.

म्हणून ओसरीवरच्या तरुणांना मी नियमाऐवजीं दोन प्रश्न देतों. हा शब्द कोणाविषयीं बोलतो आहे? आणि हें केलें कोणीं? कर्ता ठाऊक नसेल, किंवा त्याचें महत्त्व नसेल, तर कर्मणी खुशाल योजावा; परंतु कर्ता ठाऊक असून तो लपविण्यासाठीं योजूं नये. या तरुणांपैकीं कांहीं जण उद्यां कचेऱ्यांतून बसतील आणि लोकांना पत्रें लिहितील. तें पत्र एखाद्या ओसरीवर मोठ्यानें वाचलें जाईल, आणि ऐकणारा विचारील, "कोनं?" त्याचें उत्तर पत्रांतच मिळालें, तर व्याकरण शिकल्याचें सार्थक झालें.