केसपेपरवर तुझं काम लिहून घे

निपाणी

बाळ,

मळेकरणी देवीला आम्ही सगळी आलो तेव्हा जेवताना बघत होते, बोलता बोलता वाक्य मध्येच सोडून तू श्वास घेत होतास. घरात म्हणतात थंडीचा खोकला. डॉक्टर म्हणतात टी.बी. असेल, गोळ्या चालू करा. उद्यमबागेतल्या फौंड्रीत तू वीसेक वर्षं फेटलिंगला आहेस, हे त्या डॉक्टरांना कुणी सांगितलंय का? केसपेपर मी वाचला. नाव, वय, उचगाव. कामाचा रकाना कोरा.

माझ्या सासूबाईंनी तंबाखूच्या वखारीत उमर घालवली. ती भुकटी नाकात गेली की लगेच ठसका, चक्कर, मळमळ. त्यामुळे बायका बोलायच्या तरी. त्या संघटित झाल्या आणि 1982 साली युगांतर नावाच्या गटाने त्यांच्यावर माहितीपटही केला. तुझ्या फौंड्रीतल्या वाळूचं तसं नाही. ती दहा-वीस वर्षं काही कळू देत नाही.

फेटलिंगमध्ये कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढताना उन्हात जी धूळ उडताना दिसते, ती बरीचशी नाका-घशात अडकते, थुंकीवाटे जाते. खरी वैरीण आहे ती न दिसणारी. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड, आणि ही 5 मायक्रॉनहूनही बारीक. ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथल्या पेशी तिला गिळतात, पण वाळूच ती, पचणार कशी? पेशी मरतात, जागोजागी वण पडतात, फुप्फुस ताठ होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. पडलेले वण कुठल्याच औषधाने जात नाहीत, आणि काम सोडलं तरी रोग पुढे सरकू शकतो. असल्या फुप्फुसात टी.बी. लवकर शिरतो, एक्स-रेतही दोन्ही सारखे दिसू शकतात. म्हणून गोळ्या बंद करू नकोस. थुंकी तपासून घे आणि वाळूचंही सांग.

हे नवीन नाही रे. आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, 1940 नंतरच्या तपासण्यांत शंभरातल्या चाळीसहून जास्त कामगारांना हा रोग निघाला होता.

आणि तो गूळ! सुट्टी झाली की गुळाचा खडा मिळतो, धूळ निघून जाते म्हणतोस. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात बसते. लखनौच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर गुळाचा प्रयोग केला होता खरा, पण तेवढ्यावर माणसाने विसंबू नये. खा बापडा, गूळ वाईट नाही. पण रुमालाऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 वापर, आणि घरी निघताना हवेच्या पाइपने कपडे झटकणं आजपासून बंद. त्याने बसलेली धूळ परत उडते आणि तुझ्याच नाकात जाते. धूळ जिथे निघते तिथेच ओढून घेणारा पंखा मालकाने बसवायला हवा, तो मास्कपेक्षा मोठा उपाय. मालक माणूस चांगला आहे म्हणतोस, मग विचारायला काय हरकत?

कामाचा रकाना कशासाठी भरायचा ते सांगते. सिलिकोसिस हा कायद्याने कळवायचा रोग आहे. डॉक्टरने तो ओळखला तर सरकारी निरीक्षकाकडे तसं लेखी कळवायला हवं. भरपाईच्या कायद्यातही तो कामामुळे होणारा रोग म्हणून धरला आहे. पण कागदावर नुसता ‘खोकला’ असेल तर वाळूचा आणि तुझा संबंध कोण जोडणार? किती वर्षं, कुठल्या खात्यात, ग्राइंडरवर की साचे फोडायच्या नॉकआउटला, सगळं लिहून घे. जुने एक्स-रे गादीखाली आहेत ना, ते टाकू नकोस. डॉक्टर नव्याशी ताडून बघतील.

नोकरी जाईल ही भीती मला कळते, घराचं कर्जही माहीत आहे. भांडायला जा म्हणत नाही मी. पण थोरल्याला तुझ्याच खात्यात लावायचं म्हणत होतास, ते तेवढं थांबव. त्याचा आय.टी.आय.चा फॉर्म भरायचा आहे. पैसे मी पाठवते.

सोमवारी येते. दवाखान्यात दोघं जाऊ.

तुझी,
आक्का