पेटीबंद मोटारसायकल

आबिड्सच्या जीपीओसमोरून मोटारसायकलचा बाजूचा स्टँड खाली ठेवून कुणी नामपल्लीपर्यंत जाऊन दाखवावं. दोन दुकानं ओलांडायच्या आत रिक्षावाला ओरडेल, ‘भाई, स्टँड!’ सिग्नलला शेजारच्या स्कूटरवर मागे बसलेली बाई बोटाने खूण करील. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही, तर एखादा पोरगा चालत्या गाडीवरून पाय लांब करून आपला स्टँड वर ढकलेल आणि मागे न बघता निघून जाईल. हैदराबादेत एकमेकांना वाट देण्याची पद्धत नाही, पण स्टँड पडल्याचं सांगितल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

हे आठवलं ते मेहुण्याच्या गाडीमुळे. त्याने एक पिकअप घेतली आणि तिच्या नऊ फुटी हौद्यावर चारी बाजूंनी बंद अशी पत्र्याची बॉडी चढवायचं ठरवलं. कशासाठी, तर मोटारसायकली वाहून न्यायला. काचीगुडा, सुलतान बाजार या भागातल्या मराठी घरांतली मुलं नोकरीला पुण्याला जातात आणि त्यांच्यामागून त्यांच्या गाड्या जातात. शिवाय जुन्या येझदी-बुलेट जिवापाड जपणाऱ्यांचा एक कंपू आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने येझदी काढणं १९९६ साली थांबवलं. तेव्हा आता जी आहे तिचा मूळ रंग खरवडला गेला, तर तो परत मिळत नाही. ही माणसं स्वतः उन्हात फिरतील, पण गाडीला सावली पाहिजे. परदेशात अशी हौशी मंडळी मोटारीमागे बंद ट्रेलर जोडून निघतात. आपल्याकडे कुणी तसा निघालाच, तर आधी पोरं जमतील आणि मग पोलीस. म्हणून पिकअप.

याआधीचा रस्ता रेल्वेचा होता, अजूनही आहे. आबिड्सपासून नामपल्ली स्टेशन हाकेच्या अंतरावर. १९०७ साली बांधलेलं हे स्टेशन. सिकंदराबादची वाडीकडे जाणारी लाइन त्याच्याही आधीची, १८७४ची. मुंबईला जाणारी हुसेनसागर एक्स्प्रेस इथूनच सुटते, आणि तिच्या सामानाच्या डब्यात कुणाची ना कुणाची मोटारसायकल उभी असते. पार्सल ऑफिसच्या दाराशी गाड्या बांधून देणारे लोक बसतात. त्यांतल्या एका चाचांचं काम मी बराच वेळ बघत उभा राहिलो होतो. आधी टाकी रिकामी. ‘एक बूंद भी नक्को साब, अंदरवाले सुंघ लेते,’ म्हणत त्यांनी नळी काढली, उरलंसुरलं पेट्रोल बाटलीत घेतलं, आणि झाकण उघडं ठेवून टाकी उन्हाला लावली. मग आरसे काढून सीटला बांधले. टाकीवर पेंढ्याचा जाड थर, त्यावर गोणपाट, आणि दाभणात सुतळी ओवून शिवण. हँडलला वेगळी गोणी, हेडलाइटला पुठ्ठा. दाभण पत्र्याच्या इतक्या जवळून जायचं की माझेच दात शिवशिवत होते. पण दरवेळी टोक टेकायच्या आत ते मनगट वळवायचे. शेवटी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर नाव, कुठून, कुठे, हे मार्करने लिहून एक पुढे शिवला आणि एक मागे. अर्ध्या तासात बुलेटचा बैल झाला.

मला ही पद्धत अजून आवडते. गोणपाटात गुंडाळलेली गाडी सगळ्यांना दिसत असते. हमाल तिला शिव्या घालतो, पण तिरकी झाली तर गुडघा लावून सरळ करतो. फलाटावरचा रिकामटेकडा प्रवासी आपलं समजून सल्ला देतो.

उघड्या टेम्पोचंही तेच. टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, २००५ साली आला आणि घरं हलवणाऱ्यांचं नशीब उघडलं. त्याचा हौदा साधारण २२०० मिलिमीटर लांब; नवी क्लासिक बुलेट २१४५. जेमतेम चार बोटं राहतात. दोन गाड्या शेजारी-शेजारी लावायच्या, तर एकीचं तोंड पुढे आणि दुसरीचं मागे, नाहीतर हँडलं एकमेकांत अडकतात. काथ्याच्या दोरीने बांधलेल्या, मधे कुणाची तरी गादी कोंबलेली. ती वरात मोझमजाही मार्केटच्या चौकातून निघाली की दर चार घरांवर एक जण ओरडणार, ‘ओ भाई, रस्सी ढिली!’ असा पहारा पैसे देऊन मिळत नाही.

बंद डब्यात हे सगळं संपतं. ऊन, पाऊस, धूळ, चोर यांच्यापासून गाडी वाचते, आणि ‘स्टँड!’ म्हणणाऱ्या माणसांपासूनही. दार लावल्यावर आत काही सुटलं, कललं, गळलं, तर कळणार कुणाला? म्हणून बंद बॉडी बांधताना खरं काम पत्र्याचं नसतं. रस्त्यावरच्या लोकांनी जे बघितलं असतं ते आधीच, आपणच बघून ठेवायचं असतं.

आमची बॉडी बांधणारे वनस्थळीपुरमच्या ऑटोनगरमधले उस्ताद कमी बोलणारे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना तोंडपाठ नसेल, पण आरसीवर नोंद न करता बॉडी बदलली तर काय होतं हे पक्कं ठाऊक. कागद आधी, वेल्डिंग नंतर. मेहुण्याने आतल्या पत्र्यालाच कड्या लावा म्हणून सांगितलं. उस्तादांनी कडी पत्र्याला धरून हाताने ओढून दाखवली, पत्रा पोटासारखा पुढे आला. ‘ये पकडता नै, झुकता.’ मग कड्या खाली, चासीच्या आडव्या पट्ट्यांना जोडल्या. चेकर प्लेटच्या फरशीवर ओलं चाक सरकतं, म्हणून प्लाय आणि त्यावर रबर. जुन्या गाडीच्या कॉकमधून पेट्रोल पाझरतंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साठते, तेव्हा झरोके वर आणि खाली दोन्हीकडे हवेत. एप्रिलमध्ये इथे पत्र्याच्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. चढायची फळी आखूड केली तर ती उभी होते आणि तिच्या वरच्या टोकाला गाडीचं पोट घासतं. म्हणून लांब फळी, मधोमध बिजागरीने घडी होणारी. तिच्या शेजारी चढवणाऱ्या माणसाला पाय टेकायला दुसरी अरुंद फळी, कारण गाडी वर जाते तेव्हा माणूस खालीच राहतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

बांधणं मात्र शिकायची गोष्ट आहे. पुढचं चाक लोखंडी खोबणीत सरळ घुसवायचं. स्टँडवर भार द्यायचा नाही, गाडी आपल्या दोन चाकांवरच उभी हवी. बेल्टचा आकडा हँडलच्या टोकाला किंवा आरशाला लावायचा नाही. दोन्ही फोर्क धरून ठेवणाऱ्या खालच्या जाड पट्टीला आधी मऊ पट्ट्याचा फास टाकायचा आणि त्यात आकडा. मग डावीकडचा थोडा, उजवीकडचा थोडा, असे आळीपाळीने आवळत पुढचे शॉकअप निम्म्याच्या आसपास खाली आणायचे. निम्मे, पूर्ण नाही. पूर्ण दाबले तर स्प्रिंगला हलायला जागा उरत नाही. प्रत्येक खड्डा थेट बेल्टवर आणि चौकटीवर बसतो, वर ऑइलसील जातात. कमी दाबले तर एखाद्या गचक्याला शॉकअप आणखी खाली बसतो, बेल्ट क्षणभर सैल होतो आणि आकडा निसटतो. दाबलेली स्प्रिंग वर यायला बघते आणि बेल्ट तिला येऊ देत नाही. या ओढाताणीवर गाडी उभी असते. मेहुण्याला वाटायचं, जितकं घट्ट तितकं चांगलं. रॅचेटचा दांडा तो अंग टाकून ओढायचा. उस्तादांनी त्याचा हात धरला आणि एवढंच म्हणाले, ‘हौ, बस.’

अशा पेट्या रेल्वेकडेही आहेत, आणि त्या कशापासून करतात हे कळल्यापासून मला मालगाडी बघताना गंमत वाटते. प्रवाशांच्या सेवेतून निवृत्त झालेले डबे. बाकं काढतात, खिडक्या-दारं पत्र्याने बंद करतात, टोकाला मोठी दारं बसवतात, आणि त्यांतून नव्या मोटारी देशभर जातात. ज्या खिडकीसाठी भावंडांनी मारामाऱ्या केल्या, तिच्या जागी आता पत्रा, आणि आत एकही जण बाहेर बघायला नाही.

मेहुण्याची पहिली खेप पुण्याची. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६५. पटानचेरू, संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, मग उमरगा. १९५६पर्यंत उमरगा हैदराबाद राज्यातच होतं. आता तिथे पाट्या मराठी होतात आणि मेहुणा उगीच जोरात बोलायला लागतो. निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून बेल्ट पुन्हा तपासायचे असतात, कारण पट्टे ताण घेत बसतात आणि टायर खोबणीत आणखी रुततो. आम्ही पटानचेरूला दार उघडलं. येझदीचा डावा बेल्ट दोन दात सैल झाला होता. तेवढ्यात शेजारच्या ट्रकचा क्लीनर येऊन आत डोकावला, विचारलं नसताना तिसरा बेल्ट कुठून घ्यावा ते सांगितलं, आणि बिडी पेटवायला, मी ओरडल्यावर, दहा पावलं लांब गेला.

परत आल्यावर वाद झाला तो झरोक्याचा. माझं म्हणणं, मागच्या दाराला एक जाड पारदर्शक चौकोन बसवू. टोलनाक्यावर, धाब्यावर कुणीतरी डोकावेल, ओरडेल. मेहुणा म्हणाला, ‘भाऊजी, ओरडणारा डोकावेल तसा चोरही डोकावेल.’ उस्तादांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आत कॅमेरा, पुढे केबिनमध्ये छोटा पडदा, असा तोडगा काढला. आता मेहुणा रस्त्यापेक्षा पडद्याकडेच जास्त बघतो. पुढच्या खेपेला तो पडदा मी क्लीनरच्या बाजूला लावून घेणार आहे, आणि त्या बाजूला मीच बसणार आहे.