काटकुळ्या माणसाचं कोलेस्टेरॉल

सोयाबीन विकून झालं की माझ्या मंगरूळपीरच्या दवाखान्यात लिपिड प्रोफाइलचे रिपोर्ट वाढतात. घरात चार पैसे आलेले असतात, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं दिवाळीला येऊन ‘बाबा, एकदा सगळं चेक करून घ्या’ असा लकडा लावलेला असतो. बाबा मात्र वैतागलेले. ‘डॉक्टरसाहेब, मी तं वाळून काडी झालो, मले कायचं कोलेस्टेरॉल?’

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं सर्वांत बोलकं उत्तर एका फोटोत आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. याज्ञिकांच्याच गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून. शेतात राबून काडी झालेल्या माणसाला चरबीचा हा वाटा जन्मापासूनच मिळालेला असू शकतो.

यातलं सगळंच जनुकांचं नाही. आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांचा, तिच्या ताटाचाही त्यात हात आहे. पण जनुकं आहेतच. ‘एमसी४आर’ या जनुकाजवळचा एक बदल कंबरेच्या घेराशी आणि इन्सुलिनला दाद न देण्याशी जोडलेला आहे, आणि तो युरोपीयांपेक्षा भारतीयांत जास्त सापडतो, हे २००८ साली लंडनमधल्या भारतीयांच्या अभ्यासातून पुढे आलं. हा बदल आई-बाप दोघांकडूनही आला, तरी कंबर वाढते जेमतेम २ सेंटिमीटर. ‘एपीओए५’ जनुकातले काही बदल ट्रायग्लिसराइड चढवतात. असे चिमूट चिमूट परिणाम करणारे कितीतरी बदल एकाच माणसात जमतात आणि मग रिपोर्टवर ठरावीक चित्र उमटतं: ट्रायग्लिसराइड १५०च्या वर, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४०च्या खाली, बाईत ५०च्या. त्याला १३०/८५ किंवा जास्त बीपी, उपाशीपोटी १००च्या वर शुगर, आणि ९० सेंटिमीटर कंबर (बायांची ८०) यांपैकी एखादं जोडलं गेलं, पाचातली तीन भरली, की मेटाबॉलिक सिंड्रोम. १९८८ साली जेराल्ड रीव्हन यांनी ही लक्षणं एकत्र बांधली, तेव्हा त्यांनी त्यात लठ्ठपणा धरलाच नव्हता, हे आमच्या बाबांना मी मुद्दाम सांगतो.

या वारशाला समजावता येतं. चहातली साखर, ताटातला भाताचा डोंगर आणि संध्याकाळची ‘थोडीशी’ कमी केली, रोज चाललं, की ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच उतरतं. (फराळ आणि पार्ट्या चालू असताना ते तपासूच नका, आकडा दिवाळीचा येईल, तुमचा नाही.)

दुसऱ्या तऱ्हेचा रिपोर्ट अगदी वेगळा. ट्रायग्लिसराइड ठीक, शुगर ठीक, कंबर ठीक, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकटंच १९०च्या वर. माणूस पस्तिशीचा. बुबुळाभोवती पांढुरकी कड, कधी टाचेमागचा कंडरा जाडसर. बाप कशानं गेला म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘छातीत कळ आली, चाळिशी बी नव्हती.’ इथं चिमूटभर परिणामांची बेरीज नसते. बहुतेक वेळा एकाच जनुकाचा बिघाड असतो. रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणारे यकृताच्या पेशींवरचे ग्राहक निम्मेच काम करतात. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. जगभरचा अंदाज धरला तर अडीचशे-तीनशे माणसांत असा एक. म्हणजे आठवडी बाजाराला येणाऱ्या गर्दीत असे काहीजण असणारच.

या माणसाला तेल-तूप सोडायला सांगून घरी पाठवणं मला क्रूर वाटतं. जवसाची चटणी चांगलीच, पण ती हे ओझं उतरवत नाही. त्याला गोळी लागते, स्टॅटिन, बहुधा जन्मभर. जेनेरिकमध्ये ती महागही नाही. उलट पहिल्या तऱ्हेच्या रुग्णानं केवळ गोळीवर भरवसा ठेवून पोट तसंच राहू दिलं, तर तेही फसवंच.

तालुक्याच्या गावात जनुकीय तपासणी सहज होत नाही. तिची उणीव बरीचशी भरून काढतो तो खानदानाचा तक्ता. मी कागदावर आजा-आजी, काका, आत्या, मामा, मावश्या मांडतो. कोणाला कितव्या वर्षी अटॅक आला ते लिहितो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, काही समाजांत चुलत भावंडांतही लग्नं होतात. एकाच आजीकडून आलेला बिघाड दोघांतही असेल, तर प्रत्येक बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाचं एलडीएल ५०० ओलांडू शकतं आणि हृदयविकार विशीच्या आतच गाठू शकतो.

एकाला निदान झालं, की त्याच्या भावंडांना आणि मुलांना बोलावून साधी रक्ततपासणी करायची. प्रत्येकात तो बदल असण्याची शक्यता निम्मी. इथंच गाडं अडतं. भाऊ येतात, बहिणीला आणत नाहीत. सोयरिकीची बोलणी चाललेली असतात, ‘पोरीचं नाव कायले कागदावर आणता?’ मी कागदावर न आणताही तपासतो, फक्त एक अट घालतो: लग्न ठरल्यावर, दिवस राहण्याआधी तिनं एकदा मला भेटायचं, कारण गरोदरपणात ही गोळी साधारणपणे थांबवावी लागते आणि ते तिला आधीच ठाऊक हवं.