बांगड्या सुटल्या का?

गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदेचा, म्हणजे आपांचा, मोतीबिंदू काढला. सोलापुरात त्यांच्याकडे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून महिनाभर त्या आमच्याकडे रबाळ्याला राहायला आल्या. खरं सांगते, मला ते जड गेलं. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच घर. मुलगी नववीत. एमआयडीसीत यांची पाळी दर आठवड्याला बदलते. त्यात दिवसातून चार वेळा आपांच्या डोळ्यात थेंब घालायचे. तोंडाने मी काही बोलले नाही, पण माझ्या हातून भांडी जरा जास्तच वाजत होती.

आपांना वाचनाचा भारी नाद. सातवीत शाळा सुटली, पण दुकानातून पुडी आली तरी तिचा कागद उलगडून वाचणार. डोळ्याला पट्टी, त्यामुळे त्या बेचैन व्हायच्या. मग मुलगी म्हणाली, "फुप्पी, मी वाचून दाखवते." तिने शाळेच्या वाचनालयातून 'अग्निपंख' आणलं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं हे आत्मचरित्र इंग्रजीत १९९९ साली आलं, आणि माधुरी शानभाग यांच्या अनुवादामुळे ते मराठी घराघरांत पोहोचलं. मीही ते लग्नाआधी वाचलं होतं. मला त्यातलं रॉकेट आठवत होतं, 'अग्नी' आठवत होतं.

रोज इशाच्या नमाजनंतर वाचन चालायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे खाली टाकले जायचे आणि लहानगा कलाम ते गोळा करायला मदत करायचा. हे ऐकताना बाहेरून ठाण्याची लोकल गेली आणि आपा हसल्या. "आपल्या रबाळ्याला थांबते ना गाडी? नशीबवान आहात."

मग तो प्रसंग आला. कलामांना मद्रासच्या एमआयटीत प्रवेश मिळाला, पण त्यासाठी सुमारे हजार रुपये लागणार होते. वडिलांकडे एवढे पैसे नव्हते. तेव्हा बहीण जोहरा पुढे झाली. तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. स्वतःच्या कमाईतून त्या सोडवायच्या, असं कलामांनी मनाशी ठरवलं.

मुलगी पुढे वाचू लागली. आपांनी तिला हाताने थांबवलं. "मग त्या बांगड्या सुटल्या का गं?"

मुलीने पुढची पानं चाळली. गोष्ट कॉलेजात, विमानांच्या आराखड्यांत शिरली होती. "इथे तरी लिहिलेलं दिसत नाही, फुप्पी."

"असू दे. वाच पुढे."

हे रात्रपाळीला निघाले होते. डबा पिशवीत ठेवता ठेवता त्यांचा हात तसाच थांबला. मग काही न बोलता ते चप्पल घालून निघून गेले.

सकाळी परत आल्यावर चहा पिताना स्वतःहूनच म्हणाले, "आपाचे चांदीचे तोडे होते. अम्मीने दिलेले. मी पुण्यात राहून आयटीआय केलं, तेव्हा ते गेले."

"विकले?"

"गहाण ठेवले होते. फी थोडी होती, पण खोलीभाडं, जेवण, अवजारं... नोकरी लागल्यावर सोडवणार होतो. मग इथल्या खोलीचं डिपॉझिट आलं, आपलं लग्न आलं, मग बाळंतपण. राहून गेलं. मुदत संपली तेव्हा सावकाराने विकून टाकले."

आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. ज्या तोड्यांवर हे घर उभं आहे, त्यांच्याविषयी मला काहीच माहीत नव्हतं. आणि त्याच घरात मी आपांसाठी भांडी वाजवत होते.

त्या दिवसापासून मी चरित्रं वेगळ्या नजरेने वाचते. मोठा माणूस कुठे पोहोचला हे तर कळतंच. पण त्याला शिडी कोणी धरली होती, हे मी शोधत राहते. बहुतेकदा तिथे एखादी बाई असते आणि तिच्या वाट्याला चार ओळी आलेल्या असतात. फातिमा शेख यांचंच बघा. त्यांचं आत्मचरित्र आपल्या हाती नाही. नायगावला आजारी असलेल्या सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्या माघारी फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. तेवढ्या उल्लेखातूनही ती बाई डोळ्यांसमोर उभी राहते.

आपल्या परंपरेत चरित्रांची कदर फार जुनी आहे. इब्न साद यांचं निधन ८४५ साली झालं. त्यांच्या 'तबकात' या प्रचंड चरित्रग्रंथाचा शेवटचा भाग स्त्रियांचा आहे. साडेअकराशे वर्षांपूर्वी एका लेखकाला बायकांची आयुष्यं नोंदवावीशी वाटली. आणि आपण आपल्याच घरातल्या बाईला विचारत नाही. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण कोणाचे आणि कशाबद्दल आभार मानायचे हेच माहीत नसेल, तर ते मानणार कसे?

मुलीने एक कोरी वही काढली. आपा म्हणाल्या, "माझं काय लिहायचं? विड्या वळल्या, झालं."

"दिवसाला किती, फुप्पी?"

"हजार. कधी कमी."

मग हळूहळू सगळं येऊ लागलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, मांडीवरचं सूप, तंबाखूने भरून येणारी छाती, कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे कापले गेलेले पैसे. सातवीला वर्गात दुसरा नंबर आला होता, हेही आलं. ते यांनाही ठाऊक नव्हतं. मी भाकरी थापत ऐकत होते. त्या महिन्यात भांडी वाजायची कधी थांबली, कळलंच नाही.

तुमच्याही घरात एखादी जोहरा असेल. पुस्तक मिटल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा. ती आधी म्हणेल, माझं काय लिहायचं. तरी वही उघडी ठेवा.

आपा परत निघाल्या तेव्हा आम्ही सगळे रबाळे स्टेशनवर गेलो. ठाण्याची गाडी दिसू लागली तसे हे एकदम म्हणाले, "आपा, तुझे तोडे माझ्याकडे राहिलेत."

आपांनी नव्या डोळ्याने भावाकडे नीट पाहिलं. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे. व्याज वाढतंय."

हे हसले, आणि मग त्यांनी गाडीकडे तोंड फिरवून रुमाल काढला.