उंदीर धरावा कसा

सापाला खाऊ घालायची वेळ झाली की घरातल्या सगळ्यांच्या नजरा सापावर खिळतात. मी उंदराकडे बघत असते. प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात उंदीर सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. आता नेरुळ-खारघरकडची साप पाळणारी मंडळी ‘ताई, एकदा दाखवून जा’ म्हणून बोलावतात. गेल्यावर आधी कागद मागते. नाग, धामण किंवा आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरांमधून दिसतात ते आफ्रिकेतले बॉल पायथन, नाहीतर अमेरिकेतले कॉर्न स्नेक. त्यातला बॉल पायथन ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला, त्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती असली तरच पुढचं बोलणं.

साप चावेल म्हणून धास्तावलेली माणसं उंदराच्या डब्यात मात्र बेधडक हात घालतात. चावतो तो बहुधा उंदीरच, आणि तोही आपण त्याला कोपऱ्यात गाठतो म्हणून. हात मागे लागला की उंदीर पळतो, दमतो, मग वळून दात रोवतो. प्राणिगृहात नवीन मुलांना आम्ही पहिले काही दिवस नुसता डबा उघडून शांत उभं राहायला लावायचो. लहान जातीचा उंदीर, म्हणजे माऊस, असेल तर शेपटी बुडापाशी, म्हणजे अंगाला लागून, अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि लगेच मागच्या पायांना आधार द्यायचा. डब्याची जाळी चालते, स्वतःची बाहीसुद्धा चालते. शेपटीच्या टोकाला धरून उचललं तर कातडी मोज्यासारखी सोलून हातात येते. मोठ्या जातीचा उंदीर, म्हणजे रॅट, अंगाने भारी, त्यामुळे त्याला शेपटीवर लटकवायचंच नाही. एक हात खांद्यांभोवती सैलसर, अंगठा जबड्याखाली, दुसरा हात ढुंगणाखाली. दाबलं की तो श्वासासाठी धडपडतो आणि तुमची पकड सुटते. जाड चामडी हातमोजे मला आवडत नाहीत. आपण किती दाबतोय हे बोटांना कळेनासं होतं.

त्याहून सोपी युक्ती नळीची. पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची, उंदीर आत मावेल इतकी नळी डब्यात ठेवून द्यायची. तो आपणच आत शिरतो, मग नळीसकट उचलायचा. जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये दाखवलं की शेपटीने उचललेल्या उंदरांपेक्षा नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले उंदीर माणसाला कमी घाबरतात. आमच्या जुन्या प्राणिगृहातल्या मावशींना ते केव्हाच ठाऊक होतं. त्यांना कधी एकही उंदीर चावला नाही.

आता सापाची बाजू. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. उंदराचा वास लागलेला गरम तळवा त्याच्यासमोर नेला तर तो तळव्यावरच झेपावणार, त्यात त्याचा काय दोष? म्हणून उंदीर हाताळून झाला की साबणाने हात धुवायचे आणि खाणं द्यायचं लांब चिमट्याने. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको. सापाने नीट वेटोळं घातलं तर सगळं झटपट संपतं. डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक यांच्या गटाने 2015 मध्ये बोआ सापावर केलेल्या अभ्यासात रॅटच्या धमन्यांतला रक्तदाब काही सेकंदांत निम्म्यावर आला होता. म्हणजे श्वास कोंडण्याच्या आधी रक्त थांबतं. पण पकड चुकली, उंदराचं तोंड मोकळं राहिलं, तर सापाचा डोळा जाऊ शकतो. आणि भूक नसलेला साप तर उंदराला हाकलतही नाही. रात्रभर जिवंत रॅट तसाच सोडून झोपलेल्या घरात सकाळी पाठीची कातडी कुरतडलेला, फासळ्या उघड्या पडलेला साप मी पाहिलाय. दहा-पंधरा मिनिटं वाट बघायची, तीही शेजारी बसून. नाहीच घेतला तर नळी पुढे करून उंदीर बाहेर.

‘गटारात एवढे उंदीर-घुशी, मग विकत कशाला?’ हे हमखास विचारलं जातं. गटारातल्या उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने तो चांगलाच भोगला. शिवाय सोसायटीने टाकलेली ब्रोमाडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो मधले काही दिवस हिंडतो आणि त्याच्या पोटातलं विष सापाच्या पोटात जातं. पैदास केलेल्या पांढऱ्या उंदराने चावलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची आणि डॉक्टरांना ‘उंदीर चावला’ असं स्पष्ट सांगायचं. उंदीरदंशाचा ताप बऱ्याच दिवसांनी, कधी जखम भरल्यावरही येतो. त्याच्या दोन जंतूंपैकी एक 1880 च्या दशकात मुंबईतच एका उंदराच्या रक्तात दिसला होता. पाहणारे डॉक्टर होते हेन्री व्हँडाइक कार्टर, ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रं काढणारे तेच.

मुलांचे मित्र मोबाईल सरसावून येतात तेव्हा मात्र मी थांबते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये, निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य होईल असं कोंडणं हा गुन्हा म्हटलाय. सापाचं जेवण ही त्याची गरज. त्याभोवती जमलेली गर्दी ही आपली हौस. कायदा नसता तरी मी पडदा ओढला असता. घाबरलेला उंदीर जास्त चावतो आणि बुजलेला साप जेवत नाही.

खरं तर हे सगळं शिकवते ते जिवंत उंदीर देणं सोडायला लावण्यासाठी. आधीच मारून गोठवलेला उंदीर मिळत असेल तर तोच घ्यावा. अडचण फ्रिजची. सीवूड्सच्या एका काकूंनी दिवाळे गावातून आणलेल्या पापलेटांशेजारी ती पिशवी बघितली आणि मुलाला त्याच दिवशी वेगळा छोटा फ्रीझर आणायला लावला. बरोबरच केलं त्यांनी. उंदीर आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली काढायचा, बंद पिशवीत कोमट पाण्यात ठेवून अंगाला ऊब आणायची. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, तो आतून फुटतो. मग चिमट्याने धरून किंचित हलवायचा.

कॉर्न स्नेक अशा खाण्याला बहुधा पटकन रुळतो. बॉल पायथन हट्टी, कधी कधी महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. घरातले हवालदिल होऊन पुन्हा जिवंत रॅट आणायला निघतात. त्यांना मी आधी वजनकाटा आणायला सांगते. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, म्हणते. आकडा जागचा हलत नसेल तर त्याला राहू दे उपाशी. झरझर उतरू लागला, तर मला नको, प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा.