कुंडीतला वापसा

आज भाताची नाही, खिडकीतल्या एका कुंडीची नोंद. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

लेक सासरी जाताना तिचं ऑर्किड माझ्याकडे ठेवून गेली. फॅलेनॉप्सिस, जांभळ्या फुलांचं. "बाबा, त्याचे जास्त लाड करू नका," एवढंच बोलली. सुकापूरच्या मातीत चाळीस पावसाळे भात लावला मी, आणि ही मला कुंडी शिकवते, असं वाटलं.

होळीच्या सुमारास फुलं गळली. बहर संपला की ती गळतातच, पण मला वाटलं झाड उपाशी आहे. कुंडीत माती नव्हतीच, नुसते सालीचे तुकडे. ते फेकले, शेतातली माती आणि शेणखत भरलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी. जूनपर्यंत पानं सुरकुतून लोळली. तहानलंय समजून संध्याकाळीही पाणी सुरू केलं. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की मी उठून ओटीवर जायचो, कुंडी दिसायला नको म्हणून.

ऑगस्टमध्ये हिने कुंडीचा वास घेतला. "अहो, हे सडलंय. तिला खरं सांगा, नाहीतर दुरुस्त करा."

कुंडी उपडी केली. तेरा मुळं. नऊ काळी, पिचपिचीत. दाबलं की साल हातात, आत नुसता दोरा. चारच घट्ट होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पाणी साचलेल्या वाफ्यात मिरचीचं हेच होतं. ओल भरपूर, तरी झाड मान टाकतं, कारण मुळं गुदमरतात आणि मेलेलं मूळ पाणी उचलत नाही. भाताचं वेगळं, त्याच्या मुळांना खोडातल्या पोकळीतून वरची हवा मिळते. मी ऑर्किडला भातासारखं वागवलं.

आपल्या भागात जुन्या आंब्यांवर आमरी दिसते, सीतेची वेणी त्यातलीच. आपण सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतो. पण बांडगूळ फांदीत घुसून झाडाचं पाणी ओढतं. आमरी नुसती बसते, मुळं उघड्यावर. फॅलेनॉप्सिस परदेशी असलं तरी रीत तीच. धो धो पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण ओल धरतं आणि लगेच वारा लागतो. म्हणजे बारमाही वापसा!

मग असं केलं:

१. कात्री स्पिरिटने पुसून सडलेली मुळं घट्ट भागापर्यंत कापली. कापावर बुरशीनाशकाची भुकटी लावली.

२. बाजूला भोकं असलेली लहान मातीची कुंडी घेतली. त्यात लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि दोन दिवस पाणी बदलत भिजवलेलं नारळाचं सोडण. माती चिमूटभरही नाही.

३. दोन दिवस पाणी बंद, कापलेली टोकं सुकेपर्यंत. नंतर मुळं हिरवी असेतो पाणी नाही. चंदेरी पांढरी झाली की सकाळी भरपूर द्यायचं, सगळं निथळू द्यायचं. खाली बशी नाही.

४. पोग्यात पाणी राहू द्यायचं नाही. नारळाची कोंबकूज बघितलेल्याला हे सांगायला नको.

५. पूर्वेची खिडकी, पावसाच्या झडीपासून आत. दुपारचं ऊन नाही.

६. नवीन मूळ दिसेपर्यंत खत बंद. आता पंधरवड्याने लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९.

दोन पानं पिवळी होऊन गळली, तेव्हा आशा सोडली होती. दसऱ्यानंतर बुंध्यापाशी हिरव्या टोकाचं मूळ दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्याच दिवशी लेकीला फोन लावला, खिडकीतूनच, आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, दर वेळी ओटीवर पळायचात, तेव्हाच ओळखलं होतं मी."

फूल अजून नाही. आज तीन नवी मुळं आणि एक कोवळं पान आहे. यंदाच्या थंडीत दांडी आली तरी खुडणार आहे, आधी मुळं भरू देत. उत्पादन नंतर, आधी मूळ, हे शेतात आपण जाणतोच. घरात विसरतो.

कोणी नुसत्या कोळशावर ऑर्किड जगवलंय का? पावसाळ्यातला अनुभव खाली लिहा. आणि जंगलातली आमरी ओरबाडून आणू नका, तिथेच बघा.